जवाएवढी फट

काशानच्या भट्ट्या निवायला तीन दिवस लागतात.
तिसऱ्या दिवशी उस्ताद शीरजाद दार फोडायचे,
आधी वास घ्यायचे: निळा जगला की जळला.
मग फरश्या मोजायचे. मग शिव्या.
आग प्रत्येक तुकड्यातून थोडं खाते,
तिचा वाटा धरूनच माती कापायची असते.
हे मला तेराव्या वर्षी शिकवलं गेलं,
कानाची पाळी पिळून.

त्या साली मदरशाच्या भिंतीवर
सात टोकांची चांदणी हवी, असा निरोप आला.
वजिराच्या विधवेचा.
तिला सात मुलगे झाले होते, उरले होते दोन.
कारण तिनं सांगितलं नाही.
बाजारानं सांगितलं.

सहा सोपं. मधमाशीलाही येतं.
आठ म्हणजे चौकोनावर तिरपा बसलेला चौकोन.
पाचाचे, दहाचे साचे उस्तादांच्या पोतडीत
आजोबांपासून पडून होते.
सात मात्र कुणाचंच ऐकत नाही.

उस्तादांनी अंगणात राख पसरली,
परकाराचा एक पाय रोवला, दुसरा वीतभरावर फिरवला,
वर्तुळात समभुज त्रिकोण बसवला,
त्याच्या एका बाजूचं निम्मं पकडलं
आणि परकार कडेकडेनं चालू लागला,
एक, दोन, तीन…
सातव्या पावलाला घर आलं.
जवळजवळ.
उंबऱ्यात एक जव रुतून बसेल
एवढी फट राहिली.

खाजा फरामर्ज तिथंच उकिडवे बसले होते.
रात्री तारे मोजायचे, दिवसा आमच्या चुका.
"हे सात नव्हे."
"मग काय आहे?"
"साताचा चुलतभाऊ."

त्यांनी साखरेचा उभा शंकू मागवला,
सुरीनं एकदा तिरका कापला, एकदा उभा.
"कापाच्या या दोन वक्र रेषा जिथं छेदतात
तिथं खरं सात आहे. तसूभरही कमी-जास्त नाही."
उस्ताद बराच वेळ साखरेकडे बघत राहिले.
"गिलाव्यात उतरेल का ही रेषा?"
खाजा बोलले नाहीत.
कापलेली साखर मी खाल्ली.
दोन्ही रेषा सारख्याच गोड होत्या.

शेवटी ठरलं: जवाचे सात भाग करायचे,
प्रत्येक सांध्याला एक भाग द्यायचा.
डोळ्याला दिसणार नाही, भिंतीला कळणार नाही.
काम माझ्याकडे आलं.

दुपार होती. पाड तापलेला.
खाली कुणीतरी खरबूज कापत होतं.
मी सहा सांधे घट्ट बसवले
आणि अख्खा जव सातव्यात ढकलला,
वरून चुना फासला, अंगठ्यानं पुसला.
उस्ताद आले, मान तिरकी करून पाहिलं,
"बरं झालंय," म्हणाले.
त्यांच्या तोंडून ते मी एकदाच ऐकलं.
ते गेले तेव्हाही
मी सांगितलं नव्हतं.

बावीस वर्षांनी खाजा फरामर्ज आले,
नातवाच्या खांद्यावर हात ठेवून.
डोळ्यांत मोती उतरले होते, दोन्ही.
मी त्यांना भिंतीपाशी नेलं.
तळवा टेकवून ते चांदणी वाचू लागले,
टोक, खोबण, टोक, खोबण,
जसा एखादा जुना हिशेब पुन्हा मांडावा.

कोपऱ्यातल्या त्या सांध्यावर बोट थांबलं.
नख आत गेलं.
माझ्या कानाची पाळी
पस्तिसाव्या वर्षी गरम झाली.

"होती," ते म्हणाले,
आणि असे हसले
की नातू घाबरला.

मग माझं बोट धरून त्या फटीवर ठेवलं,
अंधारात पोराला दाराची कडी दाखवावी तसं,
आणि विचारलं,
त्या दिवशीची साखर
नक्की कुणी खाल्ली होती?