दुसरा गडी

वसमतच्या मोंढ्यात, काट्याच्या वरच्या खोलीत
दोन सर्व्हर, एकावर एक.
फिल्टर काढला की बोटं पिवळी होतात.
हळदीला कुठलंच दार अडवत नाही.

खाली बोली, वजन, पट्टी, हमाली,
सगळं यांच्यातूनच बाहेर जातं:
बँकेत, व्यापाऱ्याच्या फोनवर, हमालाच्या खात्यात.
गेल्या हंगामापर्यंत एकच होता.
तो बसला त्या मंगळवारी
अठराशे कट्टे उघड्यावर थांबले
आणि अडत्यांनी मला खाली बोलावून
खुर्ची दिली नाही.

आता दोन आहेत. पत्ता मात्र एकच.
तो एकाच्या अंगावर, काम दोघांच्या.
दुसरा कामातही कान लावून असतो:
दर सेकंदाला एक ठोका.
तीन चुकले की पत्ता आपल्या अंगावर घ्यायचा,
कुणाला विचारत बसायचं नाही.

वाटणी मी मुंजाजी ढोणे मुकादमांकडे बघून शिकले.
ते पाळी मोजत नाहीत.
पोटऱ्या बघतात.
"थरथर दिसली का पुढचं पोतं द्यायचं नाई.
पन पाठीवरलं उतरू द्यायचं बगा,
मधीच हिसकायचं नाई."
वर जाऊन मी तेच लिहिलं, मशीनच्या भाषेत:
नवं देऊ नकोस, हातातलं संपू दे, मग बाजूला घे.
कंपनीच्या पुस्तकात यावर अकरा पानं आहेत.

घोळ झाला तिसऱ्या रात्री.
दोघांमधली वायर उंदरानं कुरतडली.
याला वाटलं तो गेला, त्याला वाटलं हा.
दोघंही धडधाकट. दोघांनीही पत्ता घेतला.
सकाळी ४११७ नंबरच्या दोन पट्ट्या निघाल्या,
एक कुरुंद्याच्या शेषेरावांची,
एक हट्ट्याच्या रझियाबींची,
आणि दोन्ही खऱ्या.
शेषेराव ओरडले नाहीत. पट्टी उन्हाला धरून
आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिले.
रझियाबी म्हणाल्या, नंबर राहू दे त्यांना,
मला माझे पैसे दे.

मुंजाजी म्हणाले, "दोघंच ठिवलीस कामून?
दोघांत लागलं तं मिटवतंय कोन?"

म्हणून तिसरा आणला,
जुन्या काट्याचा कॉम्प्युटर, पंखा करकरणारा.
ओझं काहीच नाही त्याच्यावर.
फक्त सांगायचं, मला कोणाचा आवाज येतो.
ज्याच्या बाजूनं स्वतःखेरीज कुणी नाही
त्यानं दार सोडायचं.
शाहीननं त्याच्यावर खडूनं लिहिलं: पंच.

काल रात्री दोनला चाचणी घेतली.
हंगामात काटा रात्रीही चालतो.
मुंजाजी वर आले, चपला बाहेर काढून,
जणू आत कुणी निजलंय.
मी चालत्या सर्व्हरची वायर ओढली.
एक.
दोन.
तीन.
खाली प्रिंटर थबकला, ठसका यावा तितकाच,
आणि ६२०३ नंतर ६२०४ छापून मोकळा झाला.
"झालं?"
"झालं."
"कळलंच नाई की."
इतकी शाबासकी मला या मोंढ्यात कुणी दिली नव्हती.

मग ते दारात वळले.
"आन तू पडलीस आजारी तं?"

सर्व्हरच्या यादीत दोन नावं आणि एक पंच.
ड्यूटीच्या यादीत, भिंतीवर, दिवाळीपासून
सातही वारांपुढे माझंच.
उशाला फोन, न्हाणीत फोन,
आईच्या ऑपरेशनला परभणीत
लॅपटॉप मांडीवर.

मी काही बोलले नाही.
ते जिना उतरून गेल्यावर पेन शोधलं.
शनिवार खोडला, शाहीन लिहिलं.
तिला अजून विचारायचंय.
खोडलेल्या जागी बोटाचा पिवळा ठसा उमटला.
खाली कुणीतरी हाक मारली, काटा रिकामा आहे म्हणून,
आणि अजून सहा वार होते.