रिकामा पाइप

प्लास्टरच्या आधी सांगून द्या ताई, निखारे म्हणाले,
मंग भिंत फोडा लागते.
हातात निळा खडू, कानामागे पेन्सिल,
समोर विटांची उघडी भिंत.
हुडकेश्वरच्या पुढे आमचा प्लॉट, तीस बाय पन्नास.
स्वयंपाकघराची खिडकी कुठे येणार
हेच मला अजून उमजलेले नाही
आणि हा माणूस विचारतो, बाहेर उजेड कुठे कुठे?
म्हणजे उरलेला अंधार कुठे ठेवायचा
तेही आजच ठरवायचे.

ह्यांना गेटच्या दोन्ही खांबांवर गोल दिवे हवेत,
दुधी, कलिंगडाएवढे,
लग्नाच्या लॉनवर असतात तसे.
म्हटले, लावा. हौस आहे तुमची.
पण पहिला पॉइंट माझा:
कुलपाच्या वर, हातभर डावीकडे,
माझी सावली माझ्याच बोटांवर पडणार नाही असा.

एकतीस वर्षे मेडिकलला.
इव्हनिंग ड्यूटी सुटून, शेवटची बस धरून
नंदनवन, अयोध्यानगर, मानेवाडा,
भाड्याच्या तीन घरांची तीन कुलपे
मी चाचपून उघडली आहेत.
एकदा तर दातात टॉर्च धरून.
हे सगळे सांगितले नाही.
निखारेंनी फुली मारली आणि पुढे सरकले.

गेटपर्यंतची तार जमिनीखालून.
त्यांनी बुटाने ढेकूळ उलटवले:
काळी माती आहे ना जी ही.
मे मध्ये फाटते, पाय जाईल एवढी.
पावसात फुगते, साधा पाइप तोडून टाकते.
दोन फूट खोल घेऊन राहिलो मी.
खाली रेती, वर रेती.
अन् नाली बुजवायच्या आधी
टेप लावून फोटो काढून ठेवा,
उद्या कोणी झाड लावाले कुदळ मारंल.

मला हसू आले.
मी आयुष्यभर शिरा शोधल्या,
म्हाताऱ्या मनगटांत, बाळांच्या टाळूवर,
कुणी कधी फोटो दिला नाही.
घरी येऊन कॅलेंडरच्या मागे नकाशा काढला,
गेटपासून अकरा फूट, भिंतीपासून दीड,
लाल पेनने.

मागे धुण्याच्या ओट्यावर एक दिवा.
कूलरचा पॉइंट त्या लाइनवर नको,
नवतपात सगळेच एकदम बसते.
बाहेरच्या दिव्यांचे एक बटण उशाशी,
आवाज आला तर आधी उजेड, मग दार.

अंधार पडल्यावर त्यांचा भाचा वेदांत
टॉर्च घेऊन प्लॉटवर उभा राहिला.
वर धर. डोळ्यात येतो रे.
खाली. अजून खाली.
गुडघ्याशी आला तेव्हा
नसलेल्या पायऱ्यांवर उजेड पडला,
तीन पायऱ्या, मी मोजल्या,
आणि ह्यांनी उगाच पाय उचलून ठेवला.

राहिला मागचा कोपरा.
तिथे काय, ताई?
माहीत नाही.
माहीत नाही हे निखारेंना चालले.
मंग रिकामा पाइप टाकून ठेवू,
आत बाइंडिंगची तार सोडून.
कधी वाटलं तर वायर ओढता येते.
नाही वाटलं तर राहील पडून, काही खात नाही.
हे म्हणाले, मीटरमागे पैसे जातात त्याचे.
आणि तिथे बसणार कोण?

मी खडू मागितला.
फुली येईना हातातून.
एक वर्तुळ काढले, जरा वाकडे,
खुर्चीएवढे, किंवा उन्हाळ्यात
बाजेवर झोपलेल्या कुणाच्या उशीएवढे.

पंधरा दिवसांनी नाली बुजली.
कोपऱ्यात वीतभर पाइप वर आला आहे,
त्यातून तारेचे टोक.
तोंडाला वेदांतने दुधाची पिशवी बांधली,
मुंग्या जाऊ नयेत म्हणून,
दोन गाठी मारून.