शंभर ग्रेनचं पातं

शुवैखला, टायरवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आमचं दुकान.
पुढे ससाण्यांच्या टोप्या, चामडी हातमोजे, तंबू,
मागे काचेच्या कपाटात बाण.
त्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

बू-नासर आले मार्चअखेर, असरची नमाज आटोपून.
पोरगा टेक्सासला शिकतो.
त्याच्या मित्राच्या रानात एप्रिलभर
रानटर्कीचा हंगाम.
"कुठलं पातं देतोस?" म्हणाले
आणि स्टुलावर बसले, घाई नसलेल्या माणसासारखे.

मी दोन डब्या उघडल्या.
ही मिटलेली. पाती अंगाशी घेऊन बसते,
लागल्यावरच उघडते, दोन इंच रुंद.
जखम मोठी, पण उघडण्यातच बाणाचा जोर खर्ची पडतो.
ही तीन पात्यांची, कायमची उघडी. जे आहे ते समोर.
वजन दोन्हींचं शंभर ग्रेन,
म्हणजे अर्ध्या तोळ्याहून जराच जास्त.
एवढ्या सोन्यात बायकोची बांगडीही होत नाही.

"खांदा कसा आहे?"
"ऑपरेशननंतर पंचेचाळीस पौंड ओढतो. पुढे दुखतो."
मग मिटलेली नको, बाबा. तिला जोर लागतो.
उघडी घ्या.

टर्की मी जिवंत पाहिलेली नाही.
एकदा डिसेंबरात जमियातून आणली होती,
सहा किलो, गोठलेली, दगड नुसता,
मोजून बघायला, की पंख कुठे, छाती कुठे,
कुठे लागलं तर जागच्या जागी बसेल.
दोन दिवस बाथरूमची बादली अडली, सज्जादभाई ओरडले.
नरमल्यावर लोकेंद्रने आत हात घातला
आणि कागदाची एक पुडी काढली.
काळीज, मान, पेटा,
सगळं नीट बांधून पोटात ठेवलेलं.
जिथलं तिथे काहीच नव्हतं.
आम्ही चौघे जरा गप्प झालो.
मग सज्जादभाईंनी कांदे चिरायला घेतले.
चार दिवस पुरली.

जागा मी शेवटी कंपनीच्या तक्त्यावर शिकलो.
तेच बोट फिरवून सांगितलं:
पिसारा फुलवला की तो टोपल्याएवढा दिसतो,
मारायची जागा मुठीएवढी.
फुगवट्याला भुलू नका. पिसं मिटू द्या.
पंख अंगाला जुळतो तिथे धरा.
आणि छातीवर केसांचा झुपका असलेला नरच.
मादी आली तर जाऊ द्यायची.

हे शेवटचं
मी माझ्या आवाजात म्हणालो नाही.

आज्याचे फासे घोड्याच्या शेपटीच्या केसांचे.
अंड्यावरची तित्तरीण अडकली
तर गाठ सोडवून, तिच्या पायाला थुंकी लावून
तो तिला झुडपात सोडायचा,
आणि त्या रात्री आम्ही मिठाशी भाकर खायचो.
बापाला दोन तित्तरांपायी
कळंबच्या कोठडीत अकरा दिवस.
व्हिसाला पोलिसांचा दाखला लागतो.
आमच्या जातीच्या माणसाला तो सातव्या खेपेला मिळतो.
"घरात कोण शिकार करतं का रे?"
"नाही साहेब."
"कधीच नाही?"
"नाही साहेब."

"तू मारलेत का पक्षी?" बू-नासरनी विचारलं,
पातं उजेडात धरून, सहजच.
"ला, बाबा."
"मग एवढं कसं कळतं?"
"तक्ता आहे ना."

ते हसले. मीही.
रबर ताणून पात्याच्या धारेवर टेकवला,
आवाज न होता त्याचे दोन झाले.
"मश्कूर," म्हणाले, आणि तीन घेतली.

बिलावर मालाचं नाव लिहावं लागतं.
दिनार मोजले, तारीख घातली,
आणि पुढे, दुकानाच्या नियमाप्रमाणे, लिहिलं:
खेळाचं साहित्य. नग तीन.