बारा पॉइंट सहा

अंगडी टीचरांची अल्टो
खानापुरात माझ्या दुकानासमोर ढकलतच आली.
ढकलायला नववीची चार पोरं, घामाघूम, तरी खूश.
"आठ महिन्यांत ही तिसरी बॅटरी," त्या म्हणाल्या,
"बेळगावचा डीलर आता मला बघून शटर ओढतो."
बैलहोंगलच्या बाई, गणिताच्या.
मराठी बोलतात पाढे म्हटल्यासारखी,
हातचा कुठे राहिला का ते बघत.

जंप देऊन गाडी चालू केली, हेडलाइट पेटवले,
मीटरच्या दोन सुया बॅटरीच्या दोन शिंगांवर:
बारा पॉइंट सहा.
चालू गाडीत हा आकडा म्हणजे उपासमार.
चौदाच्या वर पाहिजे.
"अल्टरनेटर गेला बगा," पंक्चरवाला यल्लोजी
न विचारता म्हणाला. त्याचं ट्यूब पाण्यात, लक्ष इकडे.

गेला असेल, म्हणून त्यालाच विचारलं.
एक सुई त्याच्या अंगावर, एक जाड वायरीच्या बोल्टावर:
चौदा पॉइंट चार.
ठणठणीत गडी. उगाच बदनाम.

"म्हणजे एक पॉइंट आठ वाटेत सांडले,"
टीचरांनी वजाबाकी माझ्याआधी केली.

निपाणीत तंबाखूच्या वखारींमागे
मुल्ला उस्तादांच्या हाताखाली मी पाच वर्षं पाने पुसले.
ते म्हणायचे, करंट जातो कुठून ते सगळे बघतात,
घरी परत येतो कुठून, ते तू बघ.
आणि म्हणायचे, मीटरला दोन सुया का असतात?
एका जागेचं व्होल्टेज नसतंच, येड्या.
या जागेचं त्या जागेशी काय, एवढंच ते सांगतं.

लाल वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. शून्य.
मग अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचा मायनस.
इथेही शून्य हवं, फार तर त्याच्या जवळपासचं काही.
आले एक पॉइंट आठ,
हरवलेलं जनावर दुसऱ्याच्या गोठ्यात सापडावं तसे.

क्लचच्या केबलला हात लावला आणि झटकन काढला.
वरचं रबर वितळून चिकट.
"क्लच जड लागतो काय?"
"दोन महिने. मला वाटलं माझा गुडघा."

मोठी वाट बंद, म्हणून सगळा करंट
त्या बोटाएवढ्या केबलमधून घरी जात होता,
रोज, तापत, कुणाला न सांगता.

मग आठवण निघाली. दिवाळीआधी जांबोटीच्या रस्त्यावर
रात्री गवा आडवा आला होता.
गवा उठून रानात गेला, गाडी उद्यमबागेत.
तिथल्या रंगाऱ्यानं जीव ओतून काम केलेलं.
अर्थिंगचा बोल्ट खोलला, तर त्याच्याखालीही
दोन हात, गुळगुळीत, मोत्यासारखा करडा.
आरशासमोर लावावा असा रंग,
आणि करंटला भिंत.

पॉलिश पेपरनं घासलं.
पत्रा उघडा पडेपर्यंत, खाली लोखंड पांढरं हसेपर्यंत.
बोल्ट आवळला, वर व्हॅसलिन.
चौदा पॉइंट दोन.
यल्लोजीनं ट्यूब बाहेर काढली, त्याच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

घासायचे ऐंशी, केबलचे वेगळे.
टीचरांनी सुट्टे परत घेतले नाहीत,
त्याऐवजी माझा जुना पिवळा मीटर मागून नेला.
"सकाळी चालू करायच्या आधी बघा," मी म्हटलं.

सकाळी सव्वासहाला फोन.
घाईत मराठी मागेच राहिलेली:
"हन्नेरडु पॉइंट आरु!"
आवाज घाबरलेला. कालचाच आकडा, कालचंच दुखणं.
मी अंथरुणातून, संतेत शिकलेल्या माझ्या कानडीत:
"गाडी चालू ऐतो, बंद ऐतो?"
"बंद ऐती."
"मग काय नाही टीचर. बंद गाडीत हाच आकडा
म्हणजे पोटभर जेवून झोपलीय. उठवा तिला."

एका दमात उठली.
मग गेटचा आवाज, रिव्हर्सचा, कुणावर तरी ओरडणं.
फोन ठेवायचं त्या विसरल्या,
मीही ठेवला नाही.