चाकं

तिचं आडनाव ये. तिकडे ये म्हणजे पान,
झाडाचं. वहीचं पान वेगळं लिहितात,
म्हणताना मात्र तेही ये.

ये लानफन बटणं करायची.
दोन भोकांची, चार भोकांची, शिंपल्यासारखी झळकणारी,
वेनचौपासून दोन तासांवर, नदीला लागून असलेल्या गल्लीत,
सत्त्याऐंशी साली.
दारावरची पाटी म्हणायची:
ग्रामसमिती बटण कारखाना, क्रमांक तीन.
एक आणि दोन कुठे आहेत
ते कुणी कधी विचारलं नाही.

याला तिकडे लाल टोपी घालणं म्हणतात.
टोपी समितीची, डोकं तुमचं.
टोपीचं भाडं नफ्यातले शेकडा आठ,
शिवाय नव्या वर्षाला सचिव शू यांच्या घरी
खारवलेली डुकराची एक अख्खी मांडी.

मशीनं पाच. पाचही चाकांवर.
बोल्ट मारून जमिनीत रोवलं की मशीन थरथरत नाही,
थरथरलं नाही की भोक मधोमध पडतं,
हे तिला कुणी शिकवायला नको होतं.
तरी चाकंच.
ती नऊ वर्षांची असताना
मामाचा हातमाग उचलून नेला होता चौघांनी.
मामा दारात उभा राहून त्यांनाच सांगत होता,
जरा सावकाश, उंबऱ्याला लागेल.

शंभर बटणांत अकरा वाकड्या भोकांची.
ती संध्याकाळी मुलं निवडून बाजूला काढायची.
बँकेत गेली तर साहेबानं विचारलं, मशीन कुणाचं?
गावाचं, ती म्हणाली.
मग गावाला पाठवा.
म्हणून भिशी. शेकडा तीन, दरमहा.
दुसरा मजला नको, लांबून दिसतो.
खिडकीला काच नको, प्लास्टिक चालेल.
धंदा वाढला तो असा आडवा,
भावजयीच्या पडवीत, नणंदेच्या खाटेखाली,
अंधारात पसरणाऱ्या दुर्वांसारखा.

मग कायदे बदलले. स्वतःच्या नावाची पाटी लावता येईल म्हणाले.
ती रंग आणायला गेली, आणि परतली तेव्हा
शू यांचा मुलगा दारात होता, फाइल घेऊन.
कारखाना कागदोपत्री आमचा, काकू.
चौदा वर्षं तुम्हीच तसं लिहून दिलंय.

ज्याच्या हाती ससा तो पारधी,
हे गल्लीत चालतं. कोर्टात ससा बोलावा लागतो.

तिच्याकडे दुसरी वही होती,
मोहरीच्या पाल्याच्या बरणीखाली, मेणकापडात.
कोणे एके काळी जी सापडली असती
तर तिला घेऊन गेले असते,
तीच वही तिनं दोन्ही हातांनी पुढे सरकवली.
न्यायाधीशबाईंनी पहिलं पान उलटलं, नाक किंचित मुरडलं.
पानाला खारवलेल्या भाजीचा वास होता.
"मामाकडून उसने दोनशे युआन. पहिलं मशीन."
त्याखाली वेगळ्या शाईत:
"फेडले. मामा नव्हता. मामीला दिले."

निकाल लागायला दोन वर्षं गेली.
शेकडा ब्याऐंशी तिचे, बाकी टोपीचे.
वकील म्हणाला, जिंकलो.
ती बोटांवर अठरा मोजत राहिली.

त्या आठवड्यात तिनं सिमेंटच्या चाळीस गोण्या उतरवल्या.
मशीन उचललं, चाक काढलं, बोल्ट उतरवला,
खुंटा हलवून बळकट करावा तसं
तिनं प्रत्येकाला एकदा कमरेनं ढकलून पाहिलं.
वर्षभरात वाकडी बटणं शंभरात दोनवर आली.
बँकेचा साहेब आपण होऊन चहाला आला.
वरच्या मजल्याला काचा बसल्या, निळसर,
नदीपलीकडूनही दिसतील अशा.

आता तीस कामगार आहेत, सून हिशेब बघते.
पाचवं मशीन अजून चाकांवर आहे.
सुनेनं विचारलं, हे राहिलं का?
लानफन म्हणाली,
राहू दे. झाडायला बरं पडतं.