कस

विट्यात, एसटी स्टँडच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानात
आस्मा मुलाणी म्हणाली, "काका, बोट ठेवा."
ठेवलं.
"पुसून ठेवा."
पँटीला पुसून ठेवलं.
"दुसरं."
दहाच्या दहा झाली. काचेखालचा हिरवा उजेड
वर आला आणि रिकामाच परत गेला.

कुठनं येणार, पोरी.
चौदाव्या वर्षी लेंगऱ्याहून निघालो ते थेट त्रिचूर,
मामाची गलाईची भट्टी.
तेजाबाच्या वाफेनं आधी नखं पिवळी पडली,
मग रेषा गेल्या.
जत्रेतल्या हात बघणाऱ्यानं एकदा माझा पंजा
उन्हाकडं धरला, उलटा केला, सुलटा केला,
आणि दोन रुपये परत दिले.
त्या लाइनीतला तेवढाच एक प्रामाणिक भेटला.

पुतण्या हर्षद म्हणाला, "तात्या, बोटं राहू द्यात.
आता विमानतळावर तोंडच चालतंय.
कागद नको, कार्ड नको. दारात उभं राहायचं,
कॅमेरा बघतो, दार उघडतं.
रांगेतली बारा मिनिटं वाचतात."
"आणि पैसे?"
"फुकट."

माझा धंदा सांगतो.
संध्याकाळी सराफाच्या दुकानात झाडू मारतात.
ती माती आम्ही विकत घेतो.
पायपुसणं घेतो. हात धुतलेलं पाणी घेतो.
कारागीर बसून झिजलेली चटईसुद्धा घेतो.
जाळायचं, चाळायचं, शिसं घालून मुशीत आटवायचं.
दहा पोत्यांतनं निघतं करंगळीच्या नखाएवढं पिवळं.
तेवढ्यावर दोन मुलींची लग्नं केली.
चाळीस वर्षांत एकही सराफ असा भेटला नाही
जो म्हणाला, कचराच आहे, न्या फुकट.

आणि तिकिटाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात,
चार रकमा होत्या.
सेवा. सुरक्षा. सोय.
चौथीला नावच नव्हतं.

म्हणून विचारलं, "हे तोंड नंतर जातं कुठं?"
"चोवीस तासांत पुसतात, तात्या."
"पुसलेलं बघितलंय कुणी?"
हर्षदनं मोबाईल खिशात घातला.

मूस रिकामी केली, असं आम्हीही म्हणतो.
पण जुनी मूस टाकत नाही. फोडतो, कुटतो.
तिच्या अंगात मुरलेलं असतंय.

तरी बसलो.
शुक्रवारी त्रिचुरात भट्टीचा करार संपत होता
आणि रेल्वेला तिकीट नव्हतं.
"टोपी काढा." काढली.
"चष्मा." काढला.
"हसू नका, काका." हसत नव्हतोच.
"मान डावीकडं. आता उजवीकडं. हळू."

दागिना आम्ही असाच घासतो काळ्या दगडावर,
एकदा या अंगानं, एकदा त्या.
मग तेजाबाचा थेंब,
आणि रेघ टिकते का बघत थांबायचं.
समोर बाई उभी असते, मंगळसूत्र विकायला आलेली,
ती दगडाकडं बघत नाही,
माझ्या तोंडाकडं बघते.
मी आस्माच्या तोंडाकडं बघत होतो.

"जुळलं!"
"किती?"
"अठ्ठ्याण्णव टक्के."
"उरलेले दोन?"
ती हसली. "दोनानं काय होतंय, काका?"

दोन टक्के म्हणजे घट.
आमच्यात घट धरतात, वहीत लिहितात,
आणि ती कुणाच्या घरी जाते
हे गलाईवाल्याला विचारू नये.

फुकटचे तीस रुपये झाले. दिले.
उठताना हात आपसूक फिरला काउंटरवरनं:
खोडरबराचा चुरा, स्टेपलरची पिन, धूळ.
आस्मा म्हणाली, "राहू द्या, मी झाडते."
तोवर रुमालात बांधली होती.