तात्पुरता

नंदेसरीत, रिअ‍ॅक्टरच्या मागच्या अंगाला
फूटभर वाकडा पाइप.
गळ्यात पत्र्याची चिठ्ठी: तात्पुरता, पंधरा दिवस.
सही धुरंधरांची.
ते निवृत्त होऊन बडोद्यात, मांजलपूरला
नातू सांभाळतात;
पाइप अजून ड्यूटीवर.

आज नवा पंप बसवायचा, म्हणून
बदलाचा फॉर्म घेऊन बसलो.
काय बदलतंय? त्यानं आणखी काय बदलेल?
नकाशावर बोट फिरवलं.
पाइप वाकतो तिथंही
बोट सरळच गेलं.

भूपतभाई म्हणाले,
"सात वर्षांत थेंब नाही गळला, साहेब."
हात लावून पाहिला.
कोमट. बारीक थरथरत होता.

पंप खोक्यातच ठेवला.
धुरंधरांना फोन लावला.
"अजून आहे तो?"
मग बराच वेळ
नातवाचाच आवाज येत राहिला.